स्टोरेज ड्रायव्हरमध्ये इनलाइन एनक्रिप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या पंधरा दिवसांत हेच प्रश्न येतात, थोड्याफार फरकाने याच क्रमाने. चहाच्या टपरीवर तीच उत्तरं किती वेळा देणार, म्हणून लिहून काढली. विषय लिनक्स कर्नलचा आहे. फोन, टॅब्लेट वगैरेंमध्ये जी यूएफएस किंवा ईएमएमसी स्टोरेज असते (दोन्ही फ्लॅश स्टोरेजचे प्रकार), तिच्या कंट्रोलरमधलं एनक्रिप्शन इंजिन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं डेटाचं रूप करणारं हार्डवेअर, ड्रायव्हरमधून कसं चालू करायचं, एवढंच. माझं बहुतेक काम यूएफएसवर झालंय, त्यामुळे उत्तरांचा कलही तिकडेच आहे.

कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. सोर्समध्ये शोधताना शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून बघा. आणि 'की' लिहिलं की मराठी वाक्यात हा कोणता 'की' ते कळेनासं होतं, म्हणून सरळ 'किल्ली' म्हटलंय.

इनलाइन म्हणजे नेमकं कुठे?

रॅममधून फ्लॅशकडे जाणाऱ्या वाटेवर. स्टोरेज कंट्रोलर डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता, थेट) रॅममधला डेटा उचलतो, आणि तो पुढे ढकलता ढकलताच त्याच्या पोटातलं इंजिन एनक्रिप्ट करतं. वाचताना याच्या उलट. सीपीयू डेटाला हात लावत नाही, आणि फ्लॅशच्या चिपला मूळ मजकूर कधी दिसतच नाही. पूर्वीचे क्रिप्टो ॲक्सिलरेटर वेगळे होते: डेटा तिकडे पाठवा, एनक्रिप्ट होऊन परत रॅममध्ये येऊ द्या, मग डिस्कला द्या. चार-चार केबीच्या तुकड्यांसाठी तो हेलपाटा पुष्कळदा सीपीयूपेक्षाही महाग पडायचा.

मग सेल्फ-एनक्रिप्टिंग ड्राइव्हमध्ये वाईट काय होतं?

तिथे सगळा कारभार ड्राइव्हच्या फर्मवेअरकडे असतो. किल्ली तोच तयार करतो, तोच ठेवतो. आपण पासवर्ड द्यायचा आणि बाकी सगळं विश्वासावर सोडायचं. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मायर आणि बर्नार्ड फान गास्टेल या दोघांनी २०१८ मध्ये काही लोकप्रिय एसएसडी उघडून बघितल्या, तेव्हा काही मॉडेलमध्ये पासवर्ड आणि डेटाची किल्ली यांचा गणिती संबंधच नव्हता. पासवर्ड बरोबर आहे का हे फर्मवेअर फक्त तपासायचं. ती तपासणी ओलांडली की डेटा हाती. विंडोजचं बिटलॉकर त्या काळी असा ड्राइव्ह दिसला की स्वतःचं सॉफ्टवेअर एनक्रिप्शन बाजूला ठेवून ड्राइव्हवर भिस्त टाकायचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डीफॉल्ट बदललं.

इनलाइन पद्धतीत किल्ली कोणती, अल्गोरिदम कोणता, कुठल्या ब्लॉकला कोणता क्रमांक, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. चिपकडे फक्त हमाली. त्यामुळे चिपने केलेलं काम आपल्याला बाहेरून, बाइट-बाइट जुळवून तपासता येतं. पुढची निम्मी उत्तरं या एका सोयीवर उभी आहेत.

आजच्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या, म्हणजे नेहमीच्या एनक्रिप्शन अल्गोरिदमच्या, खास इन्स्ट्रक्शन असतात. मग हा खटाटोप कशाला?

लॅपटॉप किंवा सर्व्हरसाठी विचारत असाल तर खरंच फारशी गरज नाही, डीएम-क्रिप्ट (लिनक्सचं सीपीयूवर चालणारं डिस्क एनक्रिप्शन) लावा आणि मोकळे व्हा. फोनमध्ये बॅटरी आणि उष्णता हा हिशेब असतो: यूएफएस पूर्ण वेगाने वाचत असताना मोठे कोअर एईएसमध्ये गुंतवायचे का, हा प्रश्न आहे. अगदी स्वस्त चिपमध्ये तर एईएसच्या इन्स्ट्रक्शनही नसतात. गूगलने २०१९ मध्ये एडिअँटम नावाचं एनक्रिप्शन काढलं ते त्यांच्यासाठीच. कॉर्टेक्स-ए७ वर ते ४०९६ बाइटचा तुकडा बाइटमागे १०.६ सायकलमध्ये उलगडतं, म्हणजे तिथल्या एईएस-२५६-एक्सटीएसच्या (२५६ बिटांच्या किल्लीचं एईएस, डिस्कसाठीच्या एक्सटीएस पद्धतीने) पाचपटीहून जास्त वेगाने. पण कंट्रोलरमध्ये इंजिन बसलेलं असेल आणि आपण ते वापरत नसू, तर सिलिकॉनचे पैसे वाया.

कुठल्या कर्नलपासून हे आहे?

ब्लॉक लेयरमधला (फाइलसिस्टिम आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या कर्नलच्या थरातला) पाया, म्हणजे ब्लॉक-क्रिप्टो, ५.८ मध्ये आला, ऑगस्ट २०२० मध्ये. यूएफएसचा सपोर्ट आणि फाइलसिस्टिमकडचा 'इनलाइनक्रिप्ट' माउंट पर्याय ५.९ मध्ये. ईएमएमसीचा ५.१२ मध्ये. ५.१६ मध्ये, इंजिनमधले किल्ली ठेवायचे कप्पे (स्लॉट) सांभाळणाऱ्या 'कीस्लॉट मॅनेजर'चं नाव बदलून 'क्रिप्टो प्रोफाइल' झालं. बॅकपोर्ट करणाऱ्यांनी, म्हणजे नवा कोड जुन्या कर्नलमध्ये नेणाऱ्यांनी, हे शेवटचं विशेष लक्षात ठेवावं. नव्या झाडातला (सोर्स ट्रीमधला) पॅच जुन्यात लागत नाही आणि माणूस दोन दिवस 'फंक्शन गेलं कुठे' म्हणून शोधत बसतो.

ड्रायव्हरला प्रत्यक्षात काय करावं लागतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. एनक्रिप्शनचं गणित एक ओळही लिहायचं नसतं.

आधी हार्डवेअरला विचारायचं की बाबा, तुला काय येतं. यूएफएसच्या कॅपॅबिलिटी रजिस्टरमधला २८वा बिट 'क्रिप्टो आहे' सांगतो. तो असेल तर पुढच्या रजिस्टरांत किती स्लॉट, कोणते अल्गोरिदम, केवढ्या किल्ल्या, डेटा युनिट (एका वेळी एनक्रिप्ट होणारा तुकडा) किती बाइटचं, हे सगळं मिळतं. इथे एक जुना खड्डा आहे: स्लॉटची संख्या शून्यापासून मोजलेली असते. रजिस्टरमध्ये ३१ दिसलं तर स्लॉट ३२. यूएफएसच्या मानकात एईएस-ईसीबी, म्हणजे सारख्या मजकुराचं सारखंच उत्तर देणारी कच्ची पद्धत, हीसुद्धा यादीत आहे, पण कर्नलचा सामायिक कोड फक्त एईएस-२५६-एक्सटीएस उचलतो आणि बाकीच्यांकडे बघतही नाही. योग्यच आहे.

मग ही माहिती क्रिप्टो प्रोफाइल नावाच्या स्ट्रक्चरमध्ये भरून ब्लॉक लेयरकडे नोंदवायची. सोबत दोन फंक्शन द्यायची: स्लॉटमध्ये किल्ली भरणारं आणि स्लॉट पुसणारं. कधी भरायची, कुठल्या स्लॉटमध्ये भरायची, कोणाची काढून कोणाची ठेवायची, हा निर्णय ब्लॉक लेयरचा. प्रोफाइलमध्ये आपल्या डिव्हाइसचा पॉइंटर द्यायला विसरू नका, कारण किल्ली भरण्याआधी झोपलेलं डिव्हाइस उठवायचं काम त्यावरूनच होतं. तो राहिला तर बंद क्लॉकच्या रजिस्टरवर लिहिणं होतं. ते कधी मुकाट्याने हरवतं, कधी अख्खी बस अडकते.

शेवटी प्रत्येक रिक्वेस्टच्या डिस्क्रिप्टरमध्ये (कंट्रोलरला दिलेल्या कामाच्या चिठ्ठीत) तीन गोष्टी: क्रिप्टो चालू असल्याचा बिट, स्लॉटचा क्रमांक, आणि डेटा युनिट क्रमांक.

चिप बनवणाऱ्यांच्या ड्रायव्हरसाठी यूएफएसचा सामायिक कोड यातलं बहुतेक करून देतो. फक्त 'आमच्याकडे क्रिप्टो चालतं' असा फ्लॅग त्यांनी आपणहून लावावा लागतो. हार्डवेअर नुसतं 'हो' म्हणालं तर कर्नल विश्वास ठेवत नाही.

किल्ल्या स्लॉटपेक्षा जास्त झाल्या तर?

होणारच. पिठाच्या गिरणीत जातं एक आणि डबे पन्नास. ब्लॉक लेयर आधी बघतो की हवी ती किल्ली कुठल्या स्लॉटमध्ये आहे का. असेल तर तोच वापरतो. नसेल तर रिकाम्या बसलेल्यांपैकी सगळ्यात जास्त वेळ न वापरलेला स्लॉट घेतो. सगळेच कामात असतील तर थांबतो. ड्रायव्हरने यात लुडबूड करू नये.

मात्र प्रत्येक फाइलला वेगळी किल्ली दिली तर हा अदलाबदलीचा खर्च डोळ्यांत भरतो, विशेषतः किल्ली भरायला सुरक्षित फर्मवेअरला हाक मारावी लागत असेल तेव्हा. म्हणून फाइल एनक्रिप्शनमध्ये असा एक पर्याय ठेवलाय ज्यात खूप फाइली मिळून एकच किल्ली वापरतात आणि फाइलचा आयनोड क्रमांक (फाइलसिस्टिममधली तिची ओळख) डेटा युनिट क्रमांकात घुसवतात. त्याबद्दल खाली.

किल्ली लिहिताना क्रम महत्त्वाचा असतो का?

फार. यूएफएसमध्ये एका स्लॉटची नोंद १२८ बाइटची, म्हणजे चार-चार बाइटच्या ३२ शब्दांची. पहिले १६ शब्द किल्लीचे. १६ क्रमांकाच्या शब्दात अल्गोरिदम, डेटा युनिटचा आकार आणि 'हा स्लॉट चालू' असा बिट. तर आधी १६वा शब्द शून्य करायचा, मग किल्लीचे ० ते १५, मग १७वा, आणि सगळ्यात शेवटी १६वा. उलटं केलं तर अर्धवट भरलेली किल्ली क्षणभर का होईना, चालू स्थितीत राहते.

एक्सटीएसला दोन किल्ल्या लागतात, एकीला एक चिकटवलेल्या. एईएस-२५६ च्या दोन मिळून ६४ बाइट, म्हणजे जागा पूर्ण भरते. पण मानकात दुसऱ्या किल्लीची जागा ३२व्या बाइटपासून ठरलेली आहे. लहान किल्ली असेल तर पहिली संपली तिथून लगेच दुसरी सुरू करायची नाही, ३२ वरच जायचं. सामायिक कोड तसंच करतो. स्वतःचा लिहिणारे हमखास इथे चुकतात, आणि २५६ वर चाचणी केल्यामुळे त्यांना कळतही नाही.

स्टॅकवरची किल्लीची प्रत काम झाल्यावर 'मेमझीरो एक्सप्लिसिट'ने पुसा. साधा मेमसेट 'पुढे कोणी वाचत नाही' म्हणून कंपायलर उडवून टाकू शकतो.

डेटा युनिट क्रमांक, म्हणजे डीयूएन, ही काय भानगड आहे?

एकाच किल्लीने सगळे ब्लॉक एनक्रिप्ट केले तर सारखा मजकूर असलेले दोन ब्लॉक डिस्कवरही सारखेच दिसतील, आणि बघणाऱ्याला आतलं काही न कळताही बरंच कळेल. ते टाळायला प्रत्येक ब्लॉकला वेगळा क्रमांक देऊन तो गणितात मिसळतात. हाच डीयूएन. एका कमांडमध्ये बरेच ब्लॉक असतील तर ड्रायव्हर फक्त पहिल्याचा क्रमांक देतो. पुढे प्रत्येक डेटा युनिटला हार्डवेअर एकेक वाढवत नेतं. हे वाक्य लक्षात ठेवा, लवकरच कामी येईल.

कर्नलमध्ये डीयूएनसाठी २५६ बिटांची जागा आहे. हार्डवेअर एवढं उदार नसतं: यूएफएसला ६४ बिट, ईएमएमसीला ३२. प्रोफाइलमध्ये किती बाइट चालतात ते खरं सांगा. बढाई मारली तर वरचे बिट कापले जातात आणि वेगवेगळ्या फाइलींचे क्रमांक एकमेकांवर येऊन बसतात.

किल्ली फाइलगणिक वेगळी असेल तर डीयूएन म्हणजे फाइलमधला ब्लॉक क्रमांक, साधा हिशेब. किल्ली सामायिक असेल तर यूएफएसच्या ६४ बिटांत वर आयनोड क्रमांक आणि खाली ब्लॉक क्रमांक. ईएमएमसीच्या ३२ बिटांत दोन्ही मावत नाहीत, म्हणून आयनोड क्रमांकाचा हॅश काढून त्यात ब्लॉक क्रमांक मिळवतात. ही तडजोड आहे, क्रमांकांची टक्कर होऊ शकते. अँड्रॉइडच्या एफएसटॅबमध्ये (काय कसं माउंट करायचं त्या यादीत) 'ईएमएमसी ऑप्टिमाइज्ड' लिहिता तेव्हा हीच तडजोड स्वीकारता. यूएफएसच्या फोनवर ते नेहमीच्या सवयीने चिकटवू नका.

डेटा लिहिला, परत वाचला, तोच आला. म्हणजे चाललं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

एनक्रिप्शन अजिबात झालं नसेल तरी लिहिलेलं तसंच्या तसं परत येतं. किल्ली उलटसुलट भरली गेली असेल तरीही येतं, कारण वाचतानाही तीच उलटसुलट किल्ली वापरली जाते. चूक दोन्ही बाजूंना सारखी असली की ती स्वतःलाच झाकते.

आमचीच गोष्ट सांगतो. एका चिप कंपनीचा बोर्ड, जुना कर्नल, त्यावर आम्ही क्रिप्टो बॅकपोर्ट केलं होतं. आमची चाचणी: डीडी कमांडने चार-चार केबीच्या तुकड्यांत, डायरेक्ट आय-ओने (कर्नलची कॅश टाळून) फाइल लिहायची, तशीच वाचायची, चेकसम जुळवायचा. आठवडाभर हिरवं. मग नेहमीसारखं सगळं चालू केलं आणि ॲपचे डेटाबेस खराब व्हायला लागले. फाइलींचे पहिले ४ केबी शाबूत, पुढे कचरा, कधी मध्येच एखादा तुकडा बरोबर.

शेवटी एका सहकारी ताईंनी शून्यांनी भरलेली फाइल तशीच चार-चार केबीच्या तुकड्यांत लिहिली, ती डिस्कवर कुठे आहे ते शोधलं, आणि थेट ब्लॉक डिव्हाइसवरून ती जागा हेक्समध्ये वाचली. थेट वाचताना रिक्वेस्टला किल्ली जोडलेली नसते, म्हणून तिथे एनक्रिप्ट झालेले बाइट जसेच्या तसे दिसतात. स्क्रीन खाली सरकवत नेली, तर दर ४०९६ बाइटला तीच ओळ. पुन्हा तीच. पुन्हा तीच. प्रत्येक कमांड डीयूएन शून्यापासून सुरू होत होती.

कारण फारच किरकोळ निघालं. यूएफएसच्या डिस्क्रिप्टरमध्ये डीयूएनचे खालचे ३२ बिट शब्द १ मध्ये आणि वरचे शब्द ३ मध्ये जातात. त्या जुन्या झाडात हेडर भरणारं फंक्शन हे दोन्ही शब्द 'राखीव' समजून शून्य करत होतं, आणि आमचा क्रिप्टोचा कोड त्याच्या आधी बसवला गेला होता. आम्ही लिहायचो, तो पुसायचा. चार केबी लिहून चार केबीच वाचले की दोन्हीकडे शून्य, म्हणून चाचणी पास. पण डेटाबेसने एकेक पान लिहिलेलं आणि वाचताना रीड-अहेडने (पुढचा डेटा आधीच मागवण्याच्या सोयीने) १२८ केबी एकदम मागितलेले, तेव्हा पहिल्या ब्लॉकला ०, दुसऱ्याला १, तिसऱ्याला २. लिहिताना सगळ्यांना ० होता.

मग तपासायचं कसं?

डिस्कवरचे बाइट काढायचे आणि वेगळ्या, स्वतंत्र कोडने त्याच किल्लीचं, त्याच डीयूएनचं उत्तर काढून जुळवायचं. एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिमच्या चाचणीसंचात हे तयार आहे: तिथला छोटा सी प्रोग्रॅम कर्नलच्या क्रिप्टोवर विसंबून न राहता एईएसपासून सगळं स्वतः करतो. 'एनक्रिप्ट' गटातली जेनेरिक ५८२ ही नेहमीच्या धोरणासाठी, ५९२ ही ६४ बिटांच्या आयनोड पद्धतीसाठी आणि ६०२ ही ३२ बिटांच्या पद्धतीसाठी. अँड्रॉइडवर व्हीटीएस या चाचणीसंचातली कर्नल एनक्रिप्शन टेस्ट असते.

पण या चाचण्या चालवताना 'इनलाइनक्रिप्ट' पर्यायाने माउंट केलंय का ते बघा. केलं नसेल तर फाइलसिस्टिम गुपचूप सीपीयूवर एनक्रिप्ट करते, चाचणी पास होते, आणि तुमच्या ड्रायव्हरची एक ओळही चाललेली नसते. ५.१८ पासून सिसएफएसमध्ये (कर्नल स्वतःची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) डिस्कच्या 'क्यू' फोल्डरखाली 'क्रिप्टो' दिसतो: किती स्लॉट, डीयूएनचे किती बिट, कोणते मोड. तो फोल्डरच नसेल तर नोंदणी झालेली नाही. हल्लीच्या कर्नलमध्ये लॉगलाही 'नेटिव्ह' की 'फॉलबॅक' ते येतं.

फॉलबॅक म्हणजे?

हार्डवेअरला जमत नसेल तेव्हा ब्लॉक लेयर स्वतः सीपीयूवर एनक्रिप्ट करतो ती सोय. उत्तम सोय आहे. नवा बोर्ड उभा करताना मात्र कॉन्फिगमधून बंद ठेवा, नाहीतर तुमच्या चुका ती निस्तरत बसते.

रिसेट किंवा सस्पेंडनंतर काय?

कंट्रोलर रिसेट झाला की स्लॉटमधल्या किल्ल्या गेल्या. ब्लॉक लेयरला हे आपोआप कळत नाही. त्याच्या वहीत अजून 'स्लॉट ४ मध्ये अमुक किल्ली' असंच लिहिलेलं असतं. म्हणून कंट्रोलर पुन्हा चालू करताना क्रिप्टोचा सार्वत्रिक बिट लावा आणि 'रीप्रोग्रॅम ऑल कीज' बोलवा. सगळ्यात आडवाटेची जागा म्हणजे एरर हँडलर. सस्पेंड-रिझ्यूम सगळे तपासतात, पण कमांड टाइमआउट होऊन कंट्रोलर मध्येच रिसेट झाला, तो रस्ता कोणी चालून बघत नाही. मुद्दाम टाइमआउट घडवून बघा.

उलट टोकही आहे. बूटलोडरने स्लॉटमध्ये काही ठेवलं असू शकतं, म्हणून सुरुवातीलाच सगळे स्लॉट पुसून घ्यायचे. यूएफएसचा सामायिक कोड ते करतो.

कमांड क्रिप्टोच्या कारणाने फेल झाली हे कशावरून ओळखायचं?

यूएफएसमध्ये कमांडच्या निकालाचा कोड ९ आला तर स्लॉटची मांडणी चुकलीये: बहुतेक वेळा स्लॉट रिकामा किंवा डेटा युनिटचा आकार जुळत नाही. त्याच्या पुढचा कोड, म्हणजे १०, क्रिप्टोची सर्वसाधारण चूक सांगतो. हे कोड दिसले तर आनंद माना, हार्डवेअर निदान बोलतंय तरी.

आमच्या चिपमध्ये किल्लीच्या रजिस्टरवर लिहिताच येत नाही. बोर्ड बिघडलाय का?

बहुधा नाही. क्वालकॉमच्या चिपमध्ये इनलाइन क्रिप्टो इंजिनच्या स्लॉटना लिनक्स थेट हात लावू शकत नाही. सुरक्षित फर्मवेअरला एससीएम कॉल करून 'ही किल्ली या स्लॉटमध्ये भर' असं सांगावं लागतं. त्यासाठी सामायिक कोडमध्ये किल्ली भरण्याचं फंक्शन बदलायची सोय आहे. आणि त्या इंजिनचा क्लॉक यूएफएसच्या क्लॉकपेक्षा वेगळा असतो, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) तो जोडलाय का बघा. किल्ली भरली जाते, पण पहिलीच कमांड लटकते, अशी तक्रार आली की मी आधी क्लॉक विचारतो.

आणि स्लॉटच नसतील तर?

असंही हार्डवेअर आहे. एक्सिनॉसच्या घराण्यातल्या चिपमध्ये फ्लॅश मेमरी प्रोटेक्टर नावाचं इंजिन आहे, गूगल टेन्सरच्या पहिल्या पिढीतही तेच. तिथे किल्ली स्लॉटमध्ये राहत नाही, डेटाच्या पत्त्यांच्या यादीत, पीआरडीटीत, प्रत्येक नोंदीसोबत जाते. याचा सपोर्ट आला तेव्हा सामायिक कोडला त्यासाठी तीन वेगळे क्वर्क (विचित्र हार्डवेअरसाठीचे अपवाद) घालावे लागले. प्रोफाइल शून्य स्लॉटचं नोंदवायचं, आणि कमांड पूर्ण झाली की ती यादी पुसून टाकायची. नाहीतर रॅममध्ये किल्ल्या सांडलेल्या राहतात. माझं वैयक्तिक मत: ही मांडणी मला आवडत नाही, पण हार्डवेअर हातात आल्यावर मताला कोण विचारतो.

किल्ली मुळात लिनक्सच्या रॅममध्ये असायलाच हवी का?

आतापर्यंत सांगितलं त्या सगळ्यात असतेच. सीपीयू डेटाला हात लावत नसला तरी कच्ची किल्ली कर्नलकडे असते, आणि ज्याने कर्नलची मेमरी वाचली त्याने ती नेली. यावर उपाय हार्डवेअरने गुंडाळलेली किल्ली. कर्नलकडे असते ती गुंडाळी. उघडते फक्त हार्डवेअरच्या आत. डिस्कवर ठेवायची गुंडाळी वेगळी आणि वापरताना लागणारी वेगळी. ही दुसरी त्या बूटपुरतीच चालते, फोन बंद झाला की निरुपयोगी. ब्लॉक लेयरमध्ये हे ६.१५ ला आलं, फाइल एनक्रिप्शनमध्ये ६.१६ ला, दोन्ही २०२५ मध्ये. ड्रायव्हरला मग किल्ली आयात करणं, नवी तयार करणं, वापरासाठी तयार करणं आणि सॉफ्टवेअरसाठी एक उपगुपित काढून देणं, अशी आणखी चार फंक्शन द्यावी लागतात. फॉलबॅक इथे चालत नाही, कारण सीपीयूला किल्ली माहीतच नसते.

ते उपगुपित कशाला?

फाइलींच्या नावांसाठी. इनलाइन इंजिन फक्त फाइलीतला मजकूर बघतं. नावं आणि सिमलिंक अजूनही सीपीयूच एनक्रिप्ट करतो.

कोणी डिस्कवरचे बाइट बदलले तर कळेल का?

नाही. एक्सटीएस गुपित राखतं, छेडछाड पकडत नाही. बदललेला १६ बाइटचा तुकडा वाचताना कचरा होऊन येईल, एरर येणार नाही. आणि एकाच डिस्कवर ब्लॉक लेयरची इंटेग्रिटीची (डेटा बिघडला का ते पकडणारी) सोय आणि हार्डवेअर इनलाइन एनक्रिप्शन दोन्ही एकत्र चालत नाहीत. इंटेग्रिटी नोंदवलेली दिसली की कर्नल एनक्रिप्शनची नोंदणी नाकारतो.

मध्ये डिव्हाइस मॅपर (खऱ्या डिस्कवर आभासी डिस्क रचणारा कर्नलचा थर) असेल तर?

५.१२ पासून साध्या, डेटाला हात न लावणाऱ्या टार्गेटमधून किल्ली आरपार जाते, उदाहरणार्थ डीएम-लिनिअर. डेटा बदलणाऱ्या टार्गेटमधून जात नाही, जायलाही नको.

पॅच कसे मांडावेत?

लहान. कॅपॅबिलिटी वाचणं एक, किल्ली भरणं-पुसणं दुसरा, डिस्क्रिप्टर तिसरा, आणि फ्लॅग चालू करणारा शेवटचा, एकटा. म्हणजे काही बिनसलं तर तेवढाच एक मागे घेता येतो आणि बाकीचं झाडात राहतं. डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग वेगळ्या पॅचमध्ये, ड्रायव्हरच्या आधी. वर्णनात कुठल्या बोर्डवर, कुठल्या चाचण्या, कुठल्या माउंट पर्यायाने चालवल्या ते लिहा. नुसतं 'तपासलं, चालतं' लिहिलेलं दिसलं की मी ५९२ चा निकाल मागतो.